‘पाँग’च्या जागी ‘राम राम’ : अ‍ॅन्सिबलच्या हॅकिंग फोल्डरमधल्या स्क्रिप्ट

मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे आला होता. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. त्या उन्हात दुपारी कोणी बाहेर पडत नाही, म्हणून तो ओसरीत कूलरसमोर लॅपटॉप मांडून बसायचा. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हाताला चाळा हवाच. एका दुपारी मी तूर निवडत बसलो होतो, तेवढ्यात तिकडून आवाज आला : ‘मामा, फाईल त बदलवली म्या, पन जुनंच दाखवून राह्यलं बा.’

त्याने अ‍ॅन्सिबल नावाच्या प्रोग्रॅमचा पूर्ण सोर्स कोड उतरवून घेतला होता. त्यातलं ‘पिंग’ नावाचं सगळ्यात छोटं मॉड्यूल (एकेक काम करणारा कोडचा तुकडा) उघडलं होतं. अ‍ॅन्सिबलला दुसऱ्या कॉम्प्युटरवर पिंग करायला सांगितलं, की तिकडून ‘पाँग’ असं उत्तर येतं. पोराने कोडमधला तो ‘पाँग’ खोडून ‘राम राम’ लिहिला, फाईल सेव्ह केली, कमांड दिली. उत्तर आलं, पाँग. परत दिली, परत पाँग. लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी पाँग.

दुसऱ्याच्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा हात घालणारे बहुतेक जण इथेच अडतात. कोड अवघड आहे म्हणून नाही. आपण बदललेला कोड आणि प्रत्यक्ष चालणारा कोड एकच आहे की नाही, हेच कळत नाही म्हणून. ‘आपल्याला जमत नाही’ असं मनाने घेतलं की माणूस फोल्डर बंद करतो, आणि मग वर्षभर तिकडे फिरकत नाही. याचा उपाय त्याच उतरवलेल्या फोल्डरमध्ये, ‘हॅकिंग’ नावाच्या एका छोट्या फोल्डरमध्ये पडून होता. त्यातल्या दोन-तीन स्क्रिप्ट (कमांडांच्या छोट्या फायली) नीट समजल्या, तर गावात बसलेल्या पोरालासुद्धा जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करता येतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी अ‍ॅन्सिबल म्हणजे काय

आमच्या गावच्या वाचनालयात आठ जुने कॉम्प्युटर आहेत, आठहींवर लिनक्स. परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी तिथे येतात. महिन्यातून एकदा प्रत्येकावर अपडेट टाकायचे, मराठी टायपिंग चालू आहे का बघायचं, डिस्क भरली असेल तर कचरा काढायचा. एकेका कॉम्प्युटरसमोर बसून तेच काम आठ वेळा केलं की दिवस जातो, आणि सहाव्या कॉम्प्युटरवर नेमकी एखादी पायरी सुटते.

अ‍ॅन्सिबल हे काम एका जागेवरून करतं. काय हवं ते आपण एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवायचं. तिला प्लेबुक म्हणतात. अ‍ॅन्सिबल एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून सुरक्षितपणे जायच्या पद्धतीने) एकेका कॉम्प्युटरमध्ये शिरतं, सांगितलेलं काम करतं आणि बाहेर पडतं. समोरच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅन्सिबल बसवावं लागत नाही. बहुतेक मॉड्यूलांना तिथे फक्त पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असली की पुरतं. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये हे सुरू केलं, २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने ते विकत घेतलं. कोड मात्र आजही जीपीएल ३ या लायसन्सखाली खुला आहे : कोणीही उतरवावा, वाचावा, बदलावा.

प्रत्यक्ष काम करतात ती मॉड्यूलं. फाईल कॉपी करायचं एक, युजर तयार करायचं दुसरं, सॉफ्टवेअर बसवायचं तिसरं. प्रत्येक मॉड्यूल म्हणजे पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम. २०२० मध्ये २.१० ही आवृत्ती आली तेव्हा हजारो मॉड्यूलं ‘कलेक्शन’ नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यांमध्ये गेली आणि मुळात फक्त गाभा उरला. नवख्याच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, उतरवायचा कोड कमी झाला.

आता ‘हॅकिंग’ या शब्दाबद्दल. भाच्याच्या आईने स्क्रीनवर तो शब्द वाचला आणि तिच्या काळजात धस्स झालं. आपल्याकडे हॅकिंग म्हटलं की बँकेतून पैसे गेल्याच्या बातम्या आठवतात. पण प्रोग्रॅमरांमध्ये या शब्दाचा जुना अर्थ वेगळा आहे : एखादी गोष्ट आतून उघडून बघणं, तिच्याशी खटपट करणं, आपल्या सोयीप्रमाणे वळवून घेणं. ‘हॅकिंग’ फोल्डर म्हणजे अ‍ॅन्सिबलवरच काम करणाऱ्यांसाठी ठेवलेली अवजारांची पेटी. नुसतं अ‍ॅन्सिबल वापरणाऱ्याला तिची गरज कधी पडत नाही.

एका नावाची दोन माणसं

‘पाँग’ का येत होता? भाच्याच्या लॅपटॉपवर दोन अ‍ॅन्सिबल होते. एक त्याने आधीच उबुंटूच्या (लिनक्सच्या एका प्रकाराच्या) भांडारातून बसवलेला, तो सिस्टिमच्या फोल्डरमध्ये. दुसरा आता उतरवलेला, तो त्याच्या घरच्या फोल्डरमध्ये. त्याने बदल केला दुसऱ्यात आणि हाक मारली तेव्हा धावून आला पहिला.

गावात एका नावाची दोन माणसं असतात. पारावरून नुसती नावाने हाक मारली, तर ज्याचं घर रस्त्यात आधी लागतं तो बाहेर येतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कमांड दिली की असंच होतं. ‘पाथ’ नावाच्या एका व्हेरिएबलमध्ये (नाव देऊन ठेवलेल्या नोंदीत) फोल्डरांची यादी असते, ओळीने लिहिलेली. कॉम्प्युटर त्या यादीत डावीकडून एकेक फोल्डर उघडतो आणि त्या नावाचा प्रोग्रॅम पहिल्यांदा जिथे सापडतो तिथे थांबतो. भाच्याचा फोल्डर त्या यादीत नव्हताच. त्याची हाक तिथवर पोचलीच नव्हती.

पायथनची आणखी एक वेगळी यादी असते, तिचं नाव ‘पायथनपाथ’. प्रोग्रॅम चालू झाल्यावर त्याला लागणारे कोडचे तुकडे कुठे शोधायचे, ते ती सांगते. दोन्ही याद्या नीट असाव्या लागतात. फक्त पहिली बदलली तर कमांड आपली आणि आतला कोड जुना, असं अर्धवट काहीतरी होऊ शकतं. ते तर शोधायला आणखी कठीण.

‘एन्व्ह-सेटअप’ नावाची स्क्रिप्ट हे काम करते, आणि मनापासून सांगतो, जवळपास इतकंच करते. आपण उतरवलेल्या फोल्डरमधला ‘बिन’ ती पाथच्या सुरुवातीला जोडते आणि ‘लिब’ पायथनपाथच्या सुरुवातीला. मदतीची मॅन्युअल पानं जिथे शोधली जातात त्या यादीतही तशीच नोंद करते. काही कॉपी करत नाही, काही बसवत नाही, सिस्टिमच्या फोल्डरला हात लावत नाही. कमांड अशी (टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची) :

सोर्स हॅकिंग/एन्व्ह-सेटअप

भाच्याने पहिल्यांदा यातला ‘सोर्स’ हा शब्द गाळला आणि स्क्रिप्ट नेहमीसारखी चालवून बघितली. तिने इमानाने सगळं केलं आणि तरीही पाँगच आला. हा दुसरा खड्डा पहिल्यापेक्षा खोल आहे, इथे जरा थांबू.

टर्मिनलमध्ये आपण जिथे टाइप करतो तो एक चालू प्रोग्रॅम असतो, त्याला शेल म्हणतात. एखादी स्क्रिप्ट नेहमीच्या पद्धतीने चालवली की शेल तिच्यासाठी नवा शेल जन्माला घालतो. या पोराला बापाच्या सगळ्या व्हेरिएबलांची एक प्रत मिळते. पोरगं आपल्या प्रतीत हवे ते बदल करतं, काम संपलं की जातं, आणि त्याच्याबरोबर ती प्रतही जाते. बापाची मूळ यादी होती तशीच राहते. या घरात वारसा बापाकडून पोराकडे जातो, पोराकडून बापाकडे कधीच येत नाही. ‘सोर्स’ लिहिलं की नवा शेल निघत नाही; स्क्रिप्टमधल्या ओळी आपल्याच शेलमध्ये, आपण हाताने टाइप केल्यासारख्या चालतात. म्हणून याद्या खऱ्याखुऱ्या बदलतात. ‘सोर्स’ऐवजी नुसतं एक टिंब आणि मोकळी जागा दिली तरी तेच होतं.

याचाच दुसरा परिणाम : हा बदल तेवढ्या खिडकीपुरताच असतो. टर्मिनलची दुसरी खिडकी उघडली, तर तिथे परत जुना अ‍ॅन्सिबल. पहिल्या दिवशी हे गैरसोयीचं वाटतं. माझं मत उलट आहे. आमच्याकडे वीज कधीही जाते, बॅटरीचा भरवसा नाही. अर्धवट बदल करून ठेवला आणि तेवढ्यात लॅपटॉप बंद पडला, तरी परत चालू केल्यावर सिस्टिम पहिल्यासारखी शाबूत असते. वाचनालयाचे कॉम्प्युटर सांभाळणारा बसवलेला अ‍ॅन्सिबल बिघडत नाही. ज्याच्याकडे एकच लॅपटॉप आहे त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कोणता अ‍ॅन्सिबल चालतो आहे, ते तपासायची सवय मात्र लावून घ्यावी. ‘अ‍ॅन्सिबल’ पुढे दोन आडव्या रेघा आणि ‘व्हर्जन’ लिहिलं की आठ-दहा ओळी येतात. त्यात पायथन मॉड्यूल कुठून उचललं आणि कमांड कुठून चालली, हे दोन्ही पत्ते असतात. ते आपल्या फोल्डरचे दिसले तरच पुढे जावं. भाच्याने ‘सोर्स’सकट कमांड दिली, पत्ते बघितले, मग पिंग. या वेळी पडद्यावर ‘राम राम’ आला. त्याने स्वयंपाकघरात जाऊन आजीला हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

एक तयारी आधी करावी लागते. अ‍ॅन्सिबलचा कोड उतरवला तरी त्याला लागणाऱ्या पायथनच्या काही लायब्ररी (तयार कोडचे गठ्ठे) वेगळ्या आणाव्या लागतात : जिंजा, पायवायएएमएल, क्रिप्टोग्राफी, पॅकेजिंग, रिझॉल्व्हलिब. त्यांची नावं ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेली आहेत, आणि पिपला (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या कमांडला) ती फाईल दाखवली की तो सगळ्या आणतो. उबुंटू २४.०४ वर पिप सिस्टिममध्ये काही टाकू देत नाही, म्हणून आधी एक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्ररी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवायचा फोल्डर) करावं, ते चालू करावं, लायब्ररी त्यात टाकाव्या आणि मग एन्व्ह-सेटअप सोर्स करावं. नेट लागतं ते एवढ्यापुरतं, आणि कोड उतरवताना. कोड उतरवतानाही गिटला (कोड उतरवणाऱ्या आणि त्याचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) ‘डेप्थ १’ सांगितलं की प्रोजेक्टचा वर्षानुवर्षांचा इतिहास येत नाही, फक्त आजची स्थिती येते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा मोजून वापरणाऱ्याने हे आधी लक्षात ठेवावं. इतिहास पुढे कधीही मागवता येतो. त्यानंतर कोड वाचणं, बदलणं, चालवून बघणं हे सगळं टॉवर बंद असतानाही होतं.

पेरणीआधीचं गोणपाट

मृग लागायच्या आधी आमच्याकडे घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर उगवण तपासतात. पोत्यातून न निवडता १०० दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. पाच-सात दिवसांनी गुंडाळी उघडून कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त असले तर बियाणं पेरायला चालतं, कमी असले तर एकरी बियाणं वाढवायचं नाहीतर दुसरं बघायचं. सगळ्या वावरात पेरून मग उगवलं नाही म्हणून रडण्यापेक्षा १०० दाण्यांत कळलेलं बरं.

‘टेस्ट-मॉड्यूल’ ही स्क्रिप्ट म्हणजे ते गोणपाट. एरवी मॉड्यूल चालवायचं तर पूर्ण अ‍ॅन्सिबलमधून जावं लागतं : कॉम्प्युटरांची यादी, प्लेबुक, एसएसएच, पासवर्ड, समोरच्या कॉम्प्युटरवरची तात्पुरती फाईल. यात कुठे काही चुकलं तर चूक मॉड्यूलची की मधल्या वाटेवरची, ते कळत नाही. टेस्ट-मॉड्यूल मधलं सगळं बाजूला ठेवतं आणि फक्त तेवढं मॉड्यूल आपल्याच कॉम्प्युटरवर चालवतं. ‘एम’ने मॉड्यूलची फाईल सांगायची, ‘ए’ने त्याला द्यायच्या गोष्टी. पिंगसाठी असं :

हॅकिंग/टेस्ट-मॉड्यूल.पीवाय -एम लिब/अ‍ॅन्सिबल/मॉड्यूल्स/पिंग.पीवाय -ए "डेटा=नमस्कार"

हे कशासाठी लागतं ते कळायला मॉड्यूलचा स्वभाव माहीत हवा. मॉड्यूल कोणाशी गप्पा मारत नाही. त्याला काय हवं ते सुरुवातीला मिळतं, आणि शेवटी ते जेसन या ठरलेल्या साच्यात एकच उत्तर देतं : काही बदललं का, काही बिघडलं का, आणि बाकी माहिती. टेस्ट-मॉड्यूल ते उत्तर दोनदा दाखवतं. आधी ‘रॉ आउटपुट’, म्हणजे मॉड्यूलच्या तोंडून आलं ते जसंच्या तसं. मग ‘पार्स्ड आउटपुट’, म्हणजे तेच नीट वाचून मांडलेलं. वाचताच आलं नाही तर ‘इनव्हॅलिड आउटपुट फॉरमॅट’ असं स्पष्ट सांगून थांबतं.

भाच्याने वाचनालयासाठी एक स्वतःचं मॉड्यूल लिहायला घेतलं होतं. डिस्कवर किती जागा उरली ते सांगायचं, एवढंच काम. कोड कुठवर पोचला ते दिसावं म्हणून त्याने वर एक प्रिंटची ओळ टाकली होती, ‘इथपर्यंत आलो’. अ‍ॅन्सिबलमधून चालवलं तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. टेस्ट-मॉड्यूलने मात्र लगेच अडवलं. कारण असं की अ‍ॅन्सिबल मॉड्यूलच्या उत्तरातला जेसनच्या आधी आलेला फालतू मजकूर पाखडून टाकतं आणि पुढे जातं. टेस्ट-मॉड्यूल पाखडत नाही. नवख्याला हा कडकपणा हवाच. आपल्या मॉड्यूलचं उत्तर सुपातून न काढता स्वच्छ असायला हवं.

त्याची दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याचं मॉड्यूल फक्त जागा मोजत होतं, पण उत्तरात दर वेळी ‘बदललं : होय’ असं सांगत होतं. अ‍ॅन्सिबलचा सगळा भरवसा या एका शब्दावर उभा आहे. तेच प्लेबुक दुसऱ्यांदा चालवलं आणि सगळं आधीच जागेवर असलं, तर ‘बदललं’ हा आकडा शून्य यायला हवा. ते शून्य बघूनच आपण रात्री निश्चिंत झोपतो. काही न बदलता ‘बदललं’ म्हणणारं मॉड्यूल खोटं बोलतं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली पुढची कामं विनाकारण चालतात. टेस्ट-मॉड्यूलमध्ये पार्स्ड आउटपुट डोळ्यांसमोर होतं म्हणून ते पोराच्या लक्षात आलं; आठ कॉम्प्युटरांच्या रंगीत ओळींत ते बुडून गेलं असतं.

पिंग मॉड्यूलमध्ये लिहिणाऱ्यांनी एक सोय मुद्दाम ठेवली आहे. त्याला ‘डेटा’मध्ये ‘क्रॅश’ हा शब्द दिला तर ते जाणूनबुजून कोसळतं. मॉड्यूल कोसळतं तेव्हा पडद्यावर काय दिसतं, चूक कोणत्या ओळीत झाली ते कसं शोधायचं, हे सगळं कोणाचं नुकसान न करता शिकता येतं. कोणाला अ‍ॅन्सिबलचा कोड शिकवायचा असेल तर मी इथूनच सुरुवात करीन. पहिला बिघाड आपण बोलावून आलेला असला की पुढच्या बिघाडांची भीती राहत नाही.

शिदोरीची गाठ

टेस्ट-मॉड्यूल चालवलं की पडद्यावर एक ओळ येते : ‘अ‍ॅन्सिबॉलझेड मॉड्यूल सापडलं, त्याचा कोड अमुक फोल्डरमध्ये काढून ठेवला आहे’, अशा अर्थाची. ही भानगड काय?

मॉड्यूलला समोरच्या कॉम्प्युटरवर जायचं असतं, आणि तिथे अ‍ॅन्सिबल नसतं. मग मॉड्यूलला लागणारा सामाईक कोड तिथे कुठून मिळणार? तो बरोबर बांधून न्यावा लागतो. वावरात जाणाऱ्याच्या फडक्यात भाकरीबरोबर ठेचा आणि कांदाही बांधून देतात, कारण तिथे दुकान नाही. अ‍ॅन्सिबल मॉड्यूलचा कोड आणि त्याला लागणारा सामाईक कोड यांची झिप करतं, ती झिप अक्षरांत बदलून एका पायथन फाईलच्या पोटात ठेवतं, आणि ती एकच फाईल पाठवतं. ही पद्धत २.१ आवृत्तीपासून आहे. काम झालं की समोरच्या कॉम्प्युटरवरची ती फाईल पुसली जाते.

म्हणूनच ‘माझ्याकडे चालतं, तिकडे चालत नाही’ असं झालं की तिकडे बघायला काही उरलेलं नसतं. त्यासाठी ‘अ‍ॅन्सिबल कीप रिमोट फाइल्स’ हे व्हेरिएबल १ करून कमांड द्यायची, म्हणजे फाईल तिथेच राहते. मग त्या कॉम्प्युटरवर जाऊन ती फाईल ‘एक्स्प्लोड’ या शब्दाबरोबर चालवली की शिदोरी सुटते आणि आतला सगळा कोड एका फोल्डरमध्ये मांडला जातो. त्यात हवा तो बदल करायचा आणि ‘एक्झिक्यूट’ या शब्दाबरोबर तीच फाईल परत चालवायची. बदललेला कोड, खऱ्या जागेवर, मूळच्याच मागणीसह चालतो. हॅकिंग फोल्डरच्या बाहेरची ही युक्ती आहे, पण तिथल्या स्क्रिप्टइतकीच कामाची, म्हणून सांगितली.

पेटीतली बाकीची अवजारं थोडक्यात. मॉड्यूल काय काय परत देतं, याची माहिती त्याच्या कागदपत्रांत ठरावीक पद्धतीने लिहावी लागते. ते लिहायचा कंटाळा येतो. ‘रिटर्न-स्केलेटन-जनरेटर’ नावाची स्क्रिप्ट मॉड्यूलचं जेसन उत्तर घेते आणि त्यावरून त्या मजकुराचा सांगाडा काढून देते; वर्णनं आपण भरायची. टेस्ट-मॉड्यूललाच ‘डी’ दिलं की कोड एकेक ओळ थांबवत चालवणारा डीबगर जोडता येतो, ‘सी’ दिलं की चेक मोडमध्ये, म्हणजे काही न बदलता काय बदललं असतं तेवढं सांगत, चालतं. आणि ‘अ‍ॅन्सिबल-टेस्ट’ नावाची मोठी कमांड आहे, जी पूर्ण तपासणी करते. आपला बदल प्रोजेक्टकडे पाठवायचा तर तिच्यातून जावंच लागतं. ती डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या) मदतीने चालवायला सुचवतात, पण डॉकरच्या प्रतिमा मोठ्या असतात. गावातल्या नेटवर पहिल्याच दिवशी तिच्या नादी लागू नये. आधी टेस्ट-मॉड्यूलने समाधान होऊ द्यावं, मग तालुक्याला चांगलं नेट मिळेल तिथे बसून ते एकदा उतरवून आणावं.

आजकाल पुष्कळ पायथन प्रोजेक्टांत एन्व्ह-सेटअपसारखी स्क्रिप्ट नसते. तिथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपला ‘एडिटेबल’ पद्धतीने बसवायला सांगतात, म्हणजे बसवलेली वस्तू आपल्या फोल्डरकडेच बोट दाखवत राहते. परिणाम तोच. कोणती पद्धत चांगली यावर वाद घालण्यात मला रस नाही. कोणत्याही प्रोजेक्टमध्ये शिरताना मी तीन गोष्टी आधी शोधतो : माझा बदललेला कोड चालतो आहे हे कसं ठरवायचं, एकच तुकडा वेगळा काढून कसा चालवायचा, आणि तो बिघडला तर आत कसं डोकावायचं. या तिन्हींची सोय ज्यांनी करून ठेवली, त्यांनी नव्या माणसासाठी दार उघडं ठेवलं आहे असं मी समजतो. अ‍ॅन्सिबल घडवणाऱ्यांनी पेटीच्या वर एक छोटं माहितीपत्रकही ठेवलं आहे, दोन मिनिटांत वाचून होतं. भाच्याने ते सगळ्यात शेवटी वाचलं. मी त्याला रागावलो नाही, पण आता दर वेळी आधी तेच उघडायला लावतो.

एक शेवटची अडचण वाचनालयात गेल्यावर आली. आठपैकी दोन कॉम्प्युटरांवर उबुंटू १८.०४ आहे, म्हणजे पायथन ३.६. बाकी सहांवर भाच्याचा अ‍ॅन्सिबल नीट चालला, या दोघांवर अडला. अ‍ॅन्सिबल-कोर (म्हणजे तो गाभा) २.१७ पासून समोरच्या कॉम्प्युटरवर पायथन २.७ आणि ३.६ चालत नाही. उतरवलेला कोड ‘डेव्हल’ शाखेचा (शाखा म्हणजे त्याच कोडची वेगळी ठेवलेली वाट), म्हणजे सगळ्यात नवा. त्यात हा नियम येणारच. ते दोन कॉम्प्युटर नव्या सिस्टिमला पेलणारे नाहीत, आणि ते बाजूला टाकायची आमची ऐपतही नाही. पण त्याच प्रोजेक्टमध्ये ‘स्टेबल-२.१६’ नावाची शाखा आहे. तिला पायथन ३.६ चालतं, आणि भाच्याच्या लॅपटॉपवरचं ३.१२ सुद्धा.

त्याने ती शाखा वेगळ्या फोल्डरमध्ये, परत डेप्थ १ देऊन उतरवली. टर्मिनलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. डावीकडे डेव्हलचं एन्व्ह-सेटअप सोर्स केलं, उजवीकडे स्टेबलचं. दोन्हींकडे व्हर्जन विचारून पत्ते बघितले, दोन वेगळे. मग डाव्या खिडकीतून सहा कॉम्प्युटरांना पिंग आणि उजवीकडून दोघांना. डावीकडे सहा वेळा ‘राम राम’ आला. उजवीकडे दोन वेळा ‘पाँग’ आला, कारण त्या फोल्डरमधली फाईल त्याने अजून बदलली नव्हती. ‘हे बी बदलवतो, मामा,’ म्हणाला आणि उजवीकडची पिंगची फाईल उघडून बसला.